आयरिश रेल्वेचे जुने टपालडबे आणि सामानडबे: रंग, चिन्हं, बारकावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान प्रामुख्याने मॉडेल बनवणाऱ्यांसाठी आहे. जुने फोटो पाहून डबा कोणत्या काळातला असेल हे ठरवू पाहणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल. एक खुलासा आधीच करतो. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण या पानावर बोगी म्हणजे फक्त डब्याखालचा चाकांचा फिरता गाडा.

मला एक आयरिश सामानडबा रंगवायचा आहे. कोणता रंग घेऊ?

आधी दोन गोष्टी ठरवा: रेल्वे कोणती आणि वर्ष कोणतं. त्या ठरल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नका. 1920 पासून 1990 पर्यंत आयर्लंडमध्ये मालकी इतक्या वेळा बदलली की एकाच डब्याने आपल्या आयुष्यात पाच-सहा रंग अंगावर घेतले, आणि तेही क्वचितच वेळेवर. नवा रंग जाहीर झाला की कार्यशाळेत आधी प्रवासी डबे आत जायचे. सामानाचे, टपालाचे, घोड्यांचे डबे रांगेत शेवटी. त्यामुळे नव्या रंगाच्या गाडीच्या शेपटाला जुन्या रंगाचा सामानडबा, हे दृश्य नेहमीचं होतं. मॉडेलची गाडी एकाच रंगात शोभून दिसते, पण त्या काळच्या फोटोत तशी गाडी फार थोड्या वेळा सापडते.

ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न आणि नंतरच्या ग्रेट सदर्न रेल्वेजचे रंग कसे ओळखायचे?

ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नची कार्यशाळा डब्लिनच्या इंचिकोर भागात होती. तिच्या डब्यांचा रंग गडद, जांभळट झाक असलेला तपकिरी. चांगल्या उजेडात त्यात लाल दिसतो, ढगाळ दिवशी तो जवळजवळ काळा वाटतो. कृष्णधवल फोटोवरून या रंगाचा अंदाज करायला गेलं तर फसायला होतं, कारण जुन्या फिल्मवर लालसर छटा मुळापेक्षा काळी उमटते.

1924-25 मध्ये फ्री स्टेटमधल्या (म्हणजे नव्याने स्वतंत्र झालेल्या दक्षिण आयर्लंडमधल्या) रेल्वे एकत्र होऊन ग्रेट सदर्न रेल्वेज झाली. सुरुवातीची काही वर्षं जुना जांभळट तपकिरीच चालू राहिला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मुख्य मार्गांवरच्या गाड्यांसाठी खाली चॉकलेटी आणि वर क्रीम अशी दुरंगी आली. ती टिकली नाही. 1930 च्या दशकात सगळं मरूनकडे वळलं, साधारण इंग्लंडच्या एलएमएस रेल्वेच्या मरूनसारखं. दुरंगी योजना मुख्य गाड्यांपुरती होती. म्हणून फाट्यावरच्या सहाचाकी सामानडब्याला क्रीम पट्टा देण्याचा मोह आवरा. एकरंगी डबाच तिथे बरोबर दिसेल.

मिडलंड ग्रेट वेस्टर्नचे डबे निळे-पांढरे होते असं वाचलं. खरं आहे का?

हो, पण थोड्या काळापुरतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला या कंपनीने, म्हणजे डब्लिनच्या ब्रॉडस्टोन स्थानकावरून गॉलवेकडे जाणाऱ्या रेल्वेने, इंजिनं निळी आणि डबे निळे-पांढरे करून पाहिले. पांढरा वरचा भाग कोळशाच्या धुरात टिकला नाही आणि कंपनी पुन्हा तपकिरीकडे गेली. या रंगात सामानडबा करायचा असेल तर गाडीही त्याच चार-पाच वर्षांतली हवी.

ग्रेट नॉर्दर्नच्या डब्यांना रंग होता की वॉर्निश?

दोन्ही. जुन्या लाकडी डब्यांवर महोगनीच्या फळ्या आणि वर वॉर्निशचे थर. पुढे पत्र्याचे डबे आले तेव्हा त्यांनाही लाकडाचा भास देणारं काम केलं गेलं आणि शेवटी सरळ तपकिरी रंग. मॉडेलवर वॉर्निश केलेलं लाकूड दाखवायचं तर खाली फिकट नारिंगी-पिवळट थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, मग तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रुंद, जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढा. ब्रशची दिशा फळीच्या दिशेनेच हवी. उभ्या फळीवर आडवे फटकारे पडले की सगळा परिणाम गेला. शेजारशेजारच्या दोन फळ्यांत छटेचा किंचित फरक ठेवा, फार नको. 4 मिलिमीटर स्केलला (खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर) ठळक रेषा झेब्र्यासारख्या दिसतात.

ही रेल्वे सीमेच्या दोन्ही बाजूंना धावायची. 1958 च्या शरद ऋतूत तिचे डबे दक्षिणेची कोरस इंपर एरन (पुढे सीआयई) आणि उत्तर आयर्लंडची अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी या दोन वाहतूक संस्थांत वाटले गेले. सीआयईकडे आलेल्या डब्यांच्या क्रमांकानंतर, शेवटी, एन हे अक्षर लागलं. ते अक्षर बारीक असलं तरी विसरू नका. तपकिरी डबा, क्रमांकानंतर एन, हे 1958 नंतरच्या काही वर्षांचं अगदी नेमकं चित्र आहे.

सीआयईचा हिरवा नक्की कोणता?

यावरच आम्हाला सगळ्यात जास्त पत्रं येतात, म्हणून सविस्तर.

सीआयई 1 जानेवारी 1945 ला सुरू झाली. पहिला हिरवा गडद होता. खिडक्यांच्या वर एक आणि खाली एक अशा दोन बारीक रेषा, फार फिकट हिरवट रंगाच्या. बाजूला पंख असलेल्या चाकासारखं एक चिन्ह, ज्याला लोक उडती गोगलगाय म्हणत. ते डब्लिनच्या ट्राम-बस कंपनीकडून वारशाने आलं होतं. 1955 च्या सुमाराला हिरवा उजळ झाला आणि रेषा डब्याच्या कमरेजवळ, म्हणजे खिडक्यांखाली, एकच उरली. 1961-62 पासून काळा आणि सोनेरी-तपकिरी ही जोडी आली, सोबत पांढरी पट्टी. छत आणि डब्याची टोकंही काळी. 1972 च्या डिसेंबरात वातानुकूलित गाड्या आल्या तेव्हा नारिंगी रंगात खिडक्यांच्या ओळीवर रुंद काळा पट्टा आला. 1987 मध्ये रेल्वेचा कारभार इर्नरोड एरन या नावाखाली गेला आणि त्या काळ्या पट्ट्याच्या कडांना पांढऱ्या रेषा दिसू लागल्या.

चिन्हातली एक चूक फार दिसते. तुटक चाकासारखं गोल बोधचिन्ह 1960 च्या दशकातलं आहे. ते 1945 च्या गडद हिरव्या डब्यावर लावलं की काळाचा मेळ बसत नाही. उलट, गोगलगाय नारिंगी डब्यावर जात नाही.

चंदेरी डबे होते का? कुणी म्हणतं होते, कुणी म्हणतं ती फक्त इंजिनं.

दोन्ही होती. 1955-56 मध्ये सीआयईने मेट्रोपोलिटन-व्हिकर्सकडून ए वर्गाची 60 डिझेल इंजिनं घेतली, ती सुरुवातीला चंदेरी होती. त्यांच्यात गाडी गरम करायचा बॉयलर नव्हता. डबे मात्र वाफेवर तापणारे. म्हणून इंचिकोरला चारचाकी डब्यांची एक मालिका तयार झाली, त्यांपैकी काहींत बॉयलर, काही नुसत्या सामानासाठी. आयर्लंडमध्ये त्यांना टिनचे डबे म्हणत. काही काळ यांचा पत्रा न रंगवता तसाच ठेवला होता. धुराने आणि ब्रेकच्या धुळीने तो इतका मळला की लवकरच हिरवा रंग चढवावा लागला, नंतर काळा-सोनेरी.

म्हणजे स्वच्छ, लखलखीत टिनचा डबा मॉडेलवर दाखवता येईल तो फार थोड्या काळापुरता. आम्ही सुचवू की तो मळकाच करा.

मळलेला चंदेरी पत्रा कसा साधायचा?

आधी चकचकीत काळा थर. तो किमान 24 तास वाळू द्या. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा धातूरंग 15 पीएसआय दाबाने, दोन-तीन अगदी पातळ फवाऱ्यांत. एकाच जाड फवाऱ्यात धातूचे कण तरंगून ढगाळ डाग पडतात. मग सॅटिन वॉर्निश. त्यानंतर तैलरंगाचा धुवट थर: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी तैलरंग) दोन भाग, काळा एक भाग, टर्पेंटाइन वीस-पंचवीस भाग. वरून खाली ओढायचा, 10 मिनिटांनी कापसाच्या बोळ्याने वरूनच खाली पुसायचा. मळ दरवाजाच्या कडांत आणि रिव्हेटच्या ओळीत अडकला पाहिजे. खालच्या पाव भागावर तांबूस-तपकिरी धूळ, कारण बिडाच्या ब्रेक ब्लॉकची झीज तिथेच उडते. बॉयलरच्या डब्याचं धुराडं ज्या बाजूला असेल तिथे छत काजळीने काळं, आणि वाफेच्या गळतीखाली क्षारांची फिकट ओघळ.

टपालडबा पोस्टाच्या रंगाचा असतो ना? लाल की हिरवा?

आयर्लंडमध्ये नाही. 1922 मध्ये पोस्टाचा कारभार आयरिश सरकारकडे आला आणि रस्त्यावरच्या लाल पत्रपेट्या हिरव्या झाल्या. टपालडबे मात्र रेल्वेच्या मालकीचे होते आणि त्या त्या रेल्वेचाच रंग घालत. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धातला टपालडबा मरून, 1950 चा हिरवा, 1965 चा काळा-सोनेरी. त्यामुळे टपालडबा आणि सामानडबा दुरून वेगळे ओळखू येत नाहीत; ओळख खिडक्यांच्या मांडणीत आहे.

चालत्या गाडीत पत्रं वर्गवार लावणारा डब्लिन-कॉर्क टपालडबा 1855 मध्ये सुरू झाला. ते अंतर सुमारे 165 मैल. पुढे मिडलंड मार्गावरही असे डबे धावले आणि 1990 च्या दशकात ही सेवा संपली. डब्याच्या एका बाजूला आतून खणांची रांग असायची, म्हणून त्या बाजूला खिडक्या कमी, वर सरकवलेल्या, काही ठिकाणी नाहीतच. दुसऱ्या बाजूला पिशव्या अडकवायच्या खुंट्या, सरकते दरवाजे. बाहेर पत्र टाकायची फट, जिच्यात उशिरा आलेलं पत्र जादा शुल्क देऊन टाकता यायचं. हा एवढा तपशील मॉडेलवर आला की डबा काय आहे हे आपोआप कळतं. दोन्ही बाजू सारख्या करू नका. टपालडब्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्यच तिथे निसटतं.

अमेरिकेचं टपाल कॉर्कच्या पुढे क्वीन्सटाउनपर्यंत, म्हणजे आजच्या कोव्हपर्यंत, रेल्वेनेच जायचं आणि तिथून जहाजावर चढायचं. इंग्लंडचं टपाल डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरातून. त्या मार्गावरच्या आरएमएस लीन्स्टर या टपालजहाजावरही वर्गवारी करणारे पोस्टाचे कर्मचारी असत. 10 ऑक्टोबर 1918 ला ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं तेव्हा त्या 22 जणांपैकी एकच वाचला. 1918 ची टपालगाडी करणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

उत्तर आयर्लंडचे डबे?

बेलफास्ट अँड काउंटी डाउन मरूनच्या कुळातली. नॉर्दर्न काउंटीज कमिटी एलएमएसच्या ताब्यात होती, म्हणून तिचे डबे एलएमएसच्या मरून रंगात. मे 1941 च्या बाँबहल्ल्यात बेलफास्टच्या यॉर्क रोड स्थानकात बरेच डबे जळाले, तेव्हा इंग्लंडहून जुने एलएमएस डबे आणून त्यांच्याखाली आयरिश गेजच्या बोगी बसवल्या. त्यामुळे एलएमएसच्या तयार मॉडेलचं शरीर इथे खरोखर चालतं. 1948 नंतर अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीचा गडद हिरवा.

गेजचं काय करू? 16.5 मिलिमीटर रूळ ठीक आहेत का?

आयरिश गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 5 फूट 3 इंच, म्हणजे 1600 मिलिमीटर. 4 मिलिमीटर स्केलला ते नेमकं 21 मिलिमीटर होतं. ओओ या नेहमीच्या ब्रिटिश मॉडेल प्रकाराचे 16.5 मिलिमीटर रूळ साडेचारने कमी पडतात, आणि समोरून पाहिलं की डबा काठीवर उभा असल्यासारखा दिसतो. बाजूने मात्र फरक फारसा जाणवत नाही. तुम्ही पहिल्यांदाच आयरिश डबा करत असाल तर 16.5 वरच करा आणि रंगावर लक्ष द्या. 21 वर जायचं ठरवलं तर नेहमीचे 26 मिलिमीटरचे अ‍ॅक्सल अपुरे पडतात. 28 मिलिमीटरचे घ्यावे लागतात आणि चाकांच्या पट्ट्या बाहेर सरकवाव्या लागतात. 7 मिलिमीटर स्केलला हाच आकडा 36.75. तीन फुटी अरुंद मार्गांसाठी 4 मिलिमीटर स्केलला 12.

भारतातल्या आरएमएस (रेल्वे मेल सर्व्हिस) डब्याचं मॉडेल रंगवून आयरिश करता येईल का?

नाही. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, डब्याची उंची-रुंदी वेगळी आणि मॉडेल बहुधा एचओचं, म्हणजे 1:87. आयरिश किट 1:76. शेजारी ठेवले की तफावत लगेच दिसते. आपल्याकडे चालत्या गाडीत टपाल लावण्याची सुरुवात 1 मे 1864 ला अलाहाबाद-कानपूर मार्गावर झाली, डब्लिन-कॉर्कनंतर नऊ वर्षांनी. आतली खणांची मांडणी समजून घ्यायला आपले डबे उपयोगी पडतात, तेवढं जरूर करा.

सहाचाकी सामानडबा वळणावर रुळावरून उतरतो. का?

मधला अ‍ॅक्सल अडतो. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नचा 30 फुटी डबा 4 मिलिमीटर स्केलला 120 मिलिमीटर होतो. तीनही अ‍ॅक्सल घट्ट बसवले तर वळणावर मधल्याला बाहेर सरकायला जागा नसते आणि तो टोकाच्या चाकांना उचलतो. उपाय क्लेमिन्सन पद्धतीची मांडणी: टोकाचे दोन अ‍ॅक्सल फिरतात, मधला आडवा सरकतो आणि तिघे एका पातळ दांडीने जोडलेले. तेवढं करायचं नसेल तर मधल्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना किमान दीड मिलिमीटर सरकायला जागा द्या, आणि उभ्या दिशेने अर्धा. त्याच्यावर वजन टेकवू नका. डब्याचं एकूण वजन 60 ते 70 ग्रॅम, सगळं टोकाच्या अ‍ॅक्सलजवळ, जमिनीला चिकटून. छतात शिसं घालू नका.

डब्याखाली आणि टोकाला काय काय हवं?

आयरिश गाड्या निर्वात ब्रेकवर चालत. म्हणून टोकाच्या आडव्या तुळईवर एक निर्वात ब्रेकची नळी आणि एक वाफेची नळी, शिवाय स्क्रू कपलिंग. गॅसच्या दिव्यांचा डबा असेल तर खाली गॅसची लांबट टाकी आणि छतावर दिव्यांच्या टोप्या, दोन्ही हव्यात. एक असून दुसरं नसणं चुकीचं. विजेवर गेलेल्या डब्याखाली डायनॅमो आणि बॅटरीची पेटी. गार्डाच्या भागाला बाहेर डोकावणारा खिडकीचा फुगवटा असतो. तो भिंतीला चिकटवण्याआधी रंगवा, नाहीतर त्याच्या मागची फट रंग न लागता राहते. बाजूच्या पायऱ्यांची फळी जुन्या डब्यांवर अखंड, शेवटच्या दरवाजाच्या पुढेपर्यंत.

रंग भारतात मिळत नाहीत. काय करायचं?

फिनिक्स प्रिसिजनसारख्या कंपन्या आयरिश छटांची नावं देऊन रंग विकतात, पण ज्वलनशील असल्याने ते विमानटपालाने पाठवत नाहीत. त्यामुळे इथेच मिसळावे लागतात. खालची प्रमाणं सुरुवातीसाठी आहेत: पांढऱ्या पत्र्याच्या तुकड्यावर फवारा, वाळू द्या, मग दुपारच्या उजेडात पाहा. ओला एनॅमल वाळल्यावर गडद होतो.

ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नचा जांभळट तपकिरी: मरून 5 भाग, चॉकलेटी 2, गडद निळा पाव भाग. सीआयईच्या रेषांचा फिकट रंग: पांढरा 8, गवती हिरवा 2, पिवळा अर्धा. काळ्या-सोनेरीतला सोनेरी: नारिंगी 4, मातकट पिवळा 3, तपकिरी 1. लहान मॉडेलवर छटा मुळापेक्षा जरा गडद भासते, म्हणून शेवटी एक दशांशापर्यंत पांढरा घाला. काळ्या आणि चॉकलेटीत मात्र पांढऱ्याऐवजी राखाडी घाला, नाहीतर खडूसारखा दिसतो.

फवारणीचा क्रम सांगा. दुरंगी डब्याची कडा नेहमी फाटते.

पितळी डबा असेल तर द्रव साबणाने धुऊन एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, प्लास्टिक असेल तर राखाडी प्लास्टिक प्रायमर. सोनेरी-तपकिरी आणि नारिंगीखाली मात्र पांढरा प्रायमर, कारण हे रंग पारदर्शक असतात आणि राखाडीवर मळकट होतात. फिकट रंग आधी, गडद नंतर. एनॅमल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात, नोझल 0.3 मिलिमीटर, दाब 15 ते 20 पीएसआय, अंतर 12 ते 15 सेंटिमीटर. फिकट रंग दोन दिवस वाळू द्या.

आता फिकट भाग झाकणारी मास्किंग टेप. कडा नखाने घट्ट दाबा. मग त्या कडेवर पुन्हा तोच फिकट रंग एकदा हलका फवारा. टेपखाली जी फट असेल ती फिकट रंगानेच भरते आणि गडद रंग आत शिरत नाही. कडा फाटण्याचं मुख्य कारण ही पायरी गाळणं हेच. गडद रंग फवारल्यावर तासाभरात टेप काढा, पृष्ठभागावर जवळजवळ आडवी दुमडून.

रेषा डिकलने काढू की पेनने?

लांब रेषेसाठी डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ फिल्म). 0.35 मिलिमीटरपेक्षा जाड रेषा घेऊ नका. सीआयईच्या गडद हिरव्यावर रेषा जाड झाली की डबा बसगाडीसारखा दिसतो. डिकल चकचकीत पृष्ठभागावरच लावा. मॅट रंगाच्या खडबडीतपणात हवा अडकते आणि फिल्म चंदेरी चमकते. तसं झालंच तर सुईने बारीक छिद्रं पाडून डिकल मऊ करणारा द्रव सोडा. दरवाजाच्या फटीवरून जाणारी रेषा वाळल्यावर ब्लेडने कापून फटीत दाबा. शेवटी सॅटिन वॉर्निश, छतावर मॅट.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात वॉर्निश पांढरं पडतं.

लॅकर प्रकारचं वॉर्निश वाळताना थंड होतं, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पांढुरका धूसर थर अडकतो. आर्द्रता 70 टक्क्यांवर असेल तर लॅकर फवारू नका. एनॅमल वॉर्निश वापरा, किंवा बंद खोलीत तासभर वातानुकूलन चालवून मग फवारा आणि डबा तिथेच वाळू द्या. थर पांढरा पडलाच असेल तर कोरड्या दिवशी फक्त थिनरचा अगदी बारीक फवारा द्या. बहुतेक वेळा तो निवळतो.

किट कुठे मिळतात?

पितळी पत्र्याची कोरीव किटं वर्स्ली वर्क्स आणि स्टुडिओ स्केल मॉडेल्स यांच्याकडे असतात. वर्स्लीची किटं म्हणजे मुख्यतः शरीर. बोगी, बफर, चाकं वेगळी आणावी लागतात, हे मागणी देण्याआधीच हिशेबात धरा. तयार मॉडेलं आयरिश रेल्वे मॉडेल्स आणि मर्फी मॉडेल्स काढतात.

खरे डबे कुठे पाहता येतील?

डाउनपॅट्रिकच्या वारसा रेल्वेवर जुने सहाचाकी डबे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळं दालनही आहे. व्हाइटहेडला रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी ऑफ आयर्लंडचं संग्रहालय आहे, बेलफास्टजवळ कल्ट्रा इथे वाहतूक संग्रहालय. लंडन किंवा डब्लिनला राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाणार असाल तर कॅमेऱ्यासोबत राखाडी रंगाचं कार्ड न्या आणि प्रत्येक फोटोत ते एका कोपऱ्यात धरा. घरी आल्यावर फोटोतला पांढरा-राखाडी समतोल त्यावरून बसवता येतो. डब्याची टोकं, खालचा सांगाडा आणि छताच्या कडा यांचेही फोटो घ्या. बाजूचे फोटो सगळेच काढतात.